क्लाउडमधली चूक शोधायची कशी? फंक्शन, डेटाबेस आणि कंटेनर यांचं डिबगिंग



बी.एस्सी. आयटी, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सर, लॅपटॉपवर तर चालत होतं!" विद्यार्थी खोटं बोलत नसतो. लॅपटॉपवर खरंच चालत असतं. क्लाउडवर टाकल्यावर बिघडतं, आणि कुठे बिघडलं ते कळत नाही. मग घाईघाईत कोडच्या ओळी बदलल्या जातात, पुन्हा अपलोड होतं, पुन्हा बिघडतं आणि रात्र संपते.

आजच्या पाठात आपण या अडचणीवरचा रस्ता शिकू. क्लाउड फंक्शन, डेटाबेस आणि कंटेनर या तीन ठिकाणी चूक शोधायची कोणती साधनं असतात आणि ती कोणत्या क्रमाने वापरायची, ते पाहू. पाठाचं सूत्र एकच आहे : आधी पुरावा, मग दुरुस्ती. बाकी सगळी त्या सूत्राची उदाहरणं आहेत.

(एक सूचना : कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.)

१. एक लक्षण, अनेक कारणं

२८ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ आठवा. १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी चार वाजता सुरू झाली. त्या एका दिवसात देशभरात १.३ कोटींहून जास्त लोकांनी नोंदणी केली. पण सुरुवातीच्या वेळात असंख्य लोकांना ओटीपीच आला नाही, किंवा पान उघडलं नाही. घराघरांत लोक मोबाइल हातात धरून बसले होते.

बाहेरून दिसत होतं एवढंच, की "ओटीपी आला नाही." आता विद्यार्थी म्हणून विचार करा. अशा कोणत्याही प्रणालीत या एका वाक्यामागे किती कारणं असू शकतात? विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नसेल. पोचली, पण ओटीपी तयार करणारं फंक्शन वेळेत संपलं नसेल. ओटीपी तयार झाला, पण डेटाबेसमध्ये लिहिताना अडकला असेल. लिहिला गेला, पण एसएमएस पाठवणारी सेवा तुंबली असेल. किंवा एसएमएस निघाला आणि मोबाइल कंपनीकडे रांगेत थांबला असेल. लक्षण एक, कारणं पाच. ज्याला नेमकी जागा सापडते तो दुरुस्ती करतो. ज्याला सापडत नाही तो पाचही ठिकाणी हातोडा मारत बसतो, आणि लोक थांबून राहतात.

डॉक्टर ताप पाहून लगेच औषध देत नाहीत. आधी रक्त तपासायला सांगतात. डिबगिंग हे तसंच निदानाचं काम आहे.

२. क्लाउडमध्ये वेगळं काय?

'बग' हा शब्द यंत्रातल्या दोषासाठी एडिसनच्या काळापासून वापरात आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. यात लक्षात ठेवायची गोष्ट पतंग नाही, नोंदवही आहे. काय घडलं, किती वाजता घडलं, हे त्या लोकांनी लिहून ठेवलं होतं.

मार्क-२ चे लोक यंत्राजवळ जाऊन रिले उघडून पाहू शकत होते. आपल्याला ती सोय नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. म्हणजे मीरा रोडला बसून तुम्ही चालवता तो प्रोग्रॅम अंतराने फार लांब नसेलही. पण तुम्ही त्या यंत्रापर्यंत जाऊ शकत नाही, आणि कोणत्या यंत्रावर तो चालला हेही तुम्हाला कळत नाही.

क्लाउड फंक्शन म्हणजे रिक्षासारखं. हात केला की आली, सोडून गेली. स्वतःची गाडी दारात उभी राहते, तिची डिकी केव्हाही उघडून बघता येते. रिक्षात पिशवी राहिली तर रिक्षाबरोबर गेली! फंक्शनच्या आत घडलेलं असंच त्याच्याबरोबर निघून जातं. म्हणून क्लाउडमध्ये पुरावा आधीच बाहेर ठेवायची सोय करावी लागते. चूक झाल्यावर सोय करायला गेलात तर उशीर झालेला असतो.

३. आपलं उदाहरण

समजा, आपल्या मीरा-भाईंदरमधल्या चार विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रोजेक्ट केला. शहराला पाणी येतं ते मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून. दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की वेळा बदलतात. सोसायटीत पाणी केव्हा येणार यावर कुणी उठायचं, पंप केव्हा लावायचा, टँकर सांगायचा का, हे सगळं अवलंबून असतं. म्हणून या मुलांनी ठरवलं, की रोज पहाटे पाच वाजता प्रत्येक सोसायटीला त्या दिवसाच्या पाण्याच्या वेळेचा निरोप जाईल.

त्यांच्या रचनेत तीन भाग आहेत :

- क्लाउड फंक्शन : पहाटे आपोआप जागं होतं आणि निरोप पाठवतं. (समजा ॲमेझॉनचं लॅम्डा.)
- डेटाबेस : सोसायट्या, विभाग, वेळापत्रक आणि पाठवलेले निरोप यांची नोंद. (समजा पोस्टग्रेस.)
- कंटेनर : वेळापत्रक दाखवणारी वेबसाइट त्यात चालते. (डॉकर.)

आठवड्याभरात तीन तक्रारी आल्या. एक, निरोप पहाटे पाचऐवजी सकाळी साडेदहाला येतो. दोन, काही सोसायट्यांना तोच निरोप तीनदा येतो आणि काहींना एकदाही येत नाही. तीन, शटडाऊनची बातमी आली त्या दिवशी वेबसाइट सारखी बंद पडत होती.

प्रोजेक्ट काल्पनिक आहे, पण या तिन्ही चुका जगभरात रोज घडतात. आता एकेक सोडवू.

४. क्लाउड फंक्शन : लॉग वाचायला शिका

फंक्शनच्या डिबगिंगचं पहिलं साधन म्हणजे लॉग. ॲमेझॉनवर तो क्लाउडवॉचमध्ये, गूगलवर क्लाउड लॉगिंगमध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲझुरवर ॲप्लिकेशन इनसाइट्समध्ये दिसतो. नावं वेगळी, काम तेच.

लॅम्डाचं फंक्शन एकदा चाललं की लॉगमध्ये स्टार्ट, एंड आणि रिपोर्ट अशा तीन ओळी आपोआप येतात. बरेच विद्यार्थी रिपोर्टच्या ओळीकडे बघतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. फंक्शन किती वेळ चाललं, त्याला किती मेमरी दिली होती, जास्तीत जास्त किती लागली, हे त्या ओळीत असतं. फंक्शन बऱ्याच वेळाने जागं झालं असेल तर तयारीला किती वेळ गेला तेही दिसतं. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात.

*पहिली तक्रार.* निरोप साडेदहाला का येतो? मुलांनी आधी निरोप पाठवणाऱ्या सेवेवर संशय घेतला. पण लॉग उघडला तर फंक्शन सुरू झाल्याची वेळ दिसते पाच वाजून शून्य मिनिटं. मग चूक कुठे आहे? वेळेच्या शेवटी असलेलं एक अक्षर बघा. ती वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. पाच अधिक साडेपाच म्हणजे साडेदहा! फंक्शन अगदी वेळेवर उठत होतं, फक्त घड्याळ ग्रीनिचचं होतं.

इथे एक खूणगाठ बांधा. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर पहिला संशय वेळेच्या पट्ट्यावर घ्यायचा.

मुलांनी वेळ बदलून यूटीसीप्रमाणे रात्री साडेअकरा केली. निरोप पहाटे पाचला येऊ लागला, पण आता कालचं वेळापत्रक यायला लागलं! का बरं? आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असताना यूटीसीच्या घड्याळात अजून आदल्या दिवसाची रात्र असते. डेटाबेसला "आजची तारीख" विचारली, की तो यूटीसीची तारीख देतो, म्हणजे कालची. एक चूक दुरुस्त केली आणि तिच्यामागे लपलेली दुसरी उघडी पडली. असं झालं की घाबरायचं नाही, उलटायचंही नाही. योग्य उपाय असा : शेड्युलरमध्ये वेळेचा पट्टा एशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहायचा, आणि तारीख काढताना डेटाबेसलाही तोच पट्टा सांगायचा. गृहीत काही धरायचं नाही.

*दुसरी तक्रार.* तीनदा निरोप का येतो? इथे पुराव्याची गंमत बघा. मुलांनी तक्रार करणाऱ्या सोसायटीला विचारलं, "निरोप किती वाजता आले?" उत्तर आलं : पाचला, मग साधारण एक मिनिटाने, मग आणखी साधारण दोन मिनिटांनी. हा ठसा ओळखीचा आहे. शेड्युलरने उठवलेलं लॅम्डा फंक्शन अपयशी ठरलं, तर लॅम्डा स्वतःहून आणखी दोनदा प्रयत्न करतं, पहिला प्रयत्न मिनिटभराने आणि दुसरा त्यानंतर दोन मिनिटांनी. लॉगमध्ये एकच विनंती क्रमांक तीनदा सापडला. शेवटची ओळ तिन्ही वेळा सारखीच होती : तीन सेकंदांनंतर काम वेळेअभावी थांबवलं.

लॅम्डा फंक्शनला ठरवून दिलं नाही तर तीनच सेकंद मिळतात. जास्तीत जास्त पंधरा मिनिटांपर्यंत ही मुदत वाढवता येते. म्हणजे घडत होतं असं : फंक्शन यादीच्या सुरुवातीपासून निरोप पाठवायला लागतं, तीन सेकंद झाले की मध्येच तुटतं. पुन्हा उठतं, पुन्हा सुरुवातीपासून पाठवतं. यादीतल्या पहिल्या सोसायट्यांना तीन निरोप, शेवटच्यांना एकही नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं.

आता घाई असेल तर मुदत एक मिनिट करून मोकळं होता येईल. पण थांबा. तेवढ्या सोसायट्यांना निरोप पाठवायला तीन सेकंद का पुरू नयेत? मुलांनी फंक्शनमध्ये प्रत्येक टप्प्याची वेळ लॉगमध्ये लिहिली आणि पुन्हा चालवलं. निरोप पाठवणं झटपट होत होतं. वेळ जात होता डेटाबेसकडून उत्तर यायला. म्हणजे शोध आता डेटाबेसकडे वळवायचा.

५. डेटाबेस : एक्स्प्लेन ही तुमची भिंग

डेटाबेस क्वेरी कशी सोडवणार आहे, हे तो स्वतः सांगतो. क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लिहिलं, की योजना दिसते. 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' लिहिलं, की तो ती क्वेरी खरोखर चालवतो आणि प्रत्येक पायरीला लागलेला वेळ दाखवतो.

सावधान : 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' क्वेरी *खरोखर* चालवतं. डिलीट किंवा अपडेटच्या आधी ते लिहिलंत तर ओळी खरंच पुसल्या जातील किंवा बदलतील. तसं करायचंच असेल तर आधी 'बिगिन' आणि नंतर 'रोलबॅक' लावा.

आपल्या मुलांनी ते चालवलं आणि 'सिक्वेन्शियल स्कॅन' असे शब्द दिसले. याचा अर्थ, एका सोसायटीचा शेवटचा निरोप शोधायला डेटाबेस निरोपांचा अख्खा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत होता, आणि हे प्रत्येक सोसायटीसाठी नव्याने. जाडजूड पुस्तकात एक शब्द शोधायला दर वेळी सगळी पानं चाळावी, तसं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी डेटाबेसची सूची म्हणजे इंडेक्स. सोसायटी क्रमांक आणि तारीख या दोन रकान्यांवर इंडेक्स केला, आणि क्वेरी काही मिलिसेकंदांवर आली.

लक्षात घ्या, प्रत्येक सिक्वेन्शियल स्कॅन वाईट नसतो. तक्ता छोटा असेल तर सगळा वाचणंच सोपं. योजनेत डेटाबेसचा ओळींचा अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी शेजारी दिसतात, त्यांची तुलना करा. अंदाज शंभराचा आणि प्रत्यक्ष लाखभर ओळी, असं असेल तर डेटाबेसची आकडेवारी जुनी झाली आहे. 'ॲनालाइझ' ही वेगळी कमांड देऊन ती ताजी करा.

डेटाबेसची आणखी काही साधनं थोडक्यात :

- हळू क्वेरींची नोंद. मायएसक्यूएलमध्ये 'स्लो क्वेरी लॉग' असतो, पण तो मुळात बंद असतो. चालू केला तरी त्याची ठरलेली मर्यादा दहा सेकंदांची आहे. तुमचं फंक्शन तीन सेकंदांत तुटत असेल, तर दोन सेकंदांची क्वेरी या नोंदीत कधीच येणार नाही! म्हणून मर्यादा आपल्या गरजेप्रमाणे कमी करा. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेंशन कोणत्या क्वेरीने एकूण किती वेळ खाल्ला ते दाखवतं.
- आत्ता काय चाललंय? पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' आणि मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट'. कोण काम करतंय, कोण कुणासाठी अडकून बसलंय, ते इथे दिसतं.
- डेडलॉक. अरुंद गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या, आणि दोघेही म्हणतात "तू मागे घे." दोन व्यवहार एकमेकांनी धरलेल्या ओळींची वाट बघत बसतात, तो डेडलॉक. पोस्टग्रेस साधारण एक सेकंद वाट पाहून हे तपासतो आणि एका व्यवहाराला रद्द करतो. मायएसक्यूएलमध्ये शेवटच्या डेडलॉकची हकीकत 'शो एंजिन इनोडीबी स्टेटस' मध्ये मिळते.
- जोडण्या संपणं. पोस्टग्रेस मुळात शंभरच जोडण्या घेतो. फंक्शनं मात्र गर्दीत एकाच वेळी शेकड्यांनी जागी होऊ शकतात, आणि प्रत्येकाला स्वतःची जोडणी हवी असते. मग "आता आणखी ग्राहक नकोत" अशा अर्थाचा एरर येतो. चूक डेटाबेसची दिसते, पण मूळ फंक्शनच्या संख्येत असतं. यावर उपाय म्हणजे मध्ये पीजीबाउन्सरसारखा एक वाटप करणारा ठेवणं.

दुसऱ्या तक्रारीचा शेवटचा धागा राहिला. इंडेक्समुळे फंक्शन वेळेत संपू लागलं, पण उद्या नेटवर्क अडलं तर पुन्हा प्रयत्न होणारच. म्हणून मुलांनी पाठवलेल्या निरोपांच्या तक्त्यात "एक सोसायटी, एक तारीख, एकच ओळ" असा नियम घातला. निरोप पाठवण्याआधी ती ओळ लिहायची. लिहिता आली नाही तर निरोप आधीच हाताळलेला आहे, पुढे चला. फंक्शन कितीदाही चाललं तरी दुसरा निरोप जात नाही. ओळ लिहिली आणि पाठवण्याआधीच फंक्शन तुटलं तर काय, म्हणून त्या ओळीत "बाकी" की "पाठवला" हा रकानाही ठेवला. "बाकी" राहिलेल्या ओळी नंतर तपासता येतात.

६. कंटेनर : मेलेला डबाही बोलतो

कंटेनर म्हणजे डबेवाल्याचा डबा समजा. भाजी, पोळी, भात सगळं एकत्र बंद. कुठल्याही ऑफिसात उघडा, जेवण तेच. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बांधायची ही पद्धत डॉकरमुळे २०१३ पासून घराघरांत पोचली.

*तिसरी तक्रार.* वेबसाइट सारखी बंद पडते. नवशिका माणूस 'डॉकर पीएस' देतो, कंटेनर दिसत नाही, आणि तो लगेच नवा सुरू करतो. थांबा! 'डॉकर पीएस' फक्त जिवंत कंटेनर दाखवतं. 'डॉकर पीएस -ए' द्या, म्हणजे बंद पडलेलेही दिसतील, आणि त्यांच्यासमोर बाहेर पडतानाचा संकेतांक म्हणजे एक्झिट कोड असेल. तो वाचायला शिका :

- ० : काम संपवून नीट बाहेर पडला. (वेबसाइटने असं करायला नको! ती चालू राहायला हवी.)
- १ : प्रोग्रॅमच्या आतच चूक झाली. लॉग बघा.
- १२७ : सांगितलेली कमांड डब्यात सापडलीच नाही.
- १३७ : बाहेरून जबरदस्तीने मारला. १२८ अधिक ९, आणि ९ हा मारण्याचा सिग्नल. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते.
- १४३ : "आता आवर" असं सांगून थांबवला.

आपल्या मुलांना १३७ दिसला. खात्री करायला त्यांनी 'डॉकर इन्स्पेक्ट' दिलं, आणि त्यात 'ओओएम किल्ड' समोर 'ट्रू' होतं. म्हणजे मेमरी संपली म्हणूनच मारला. मग 'डॉकर स्टॅट्स' चालू ठेवून साइटवर मुद्दाम गर्दी केली. प्रत्येक भेटीला मेमरी चढत होती. कारण साइट प्रत्येक पाहुण्यासाठी सगळ्या शहराचं वेळापत्रक मेमरीत आणून मग त्यातला एक विभाग दाखवत होती. रोजच्या दिवशी चालून जायचं. शटडाऊनच्या बातमीनंतर सगळं शहर एकदम बघायला आलं, आणि डबा फुटला. पाण्याची माहिती लोकांना सगळ्यात जास्त हवी होती, नेमकी तेव्हाच साइट बंद. फक्त मागितलेल्या विभागाच्या ओळी आणायच्या, एवढी दुरुस्ती पुरली.

"लॅपटॉपवर चालत होतं" या तक्रारीचं एक नेहमीचं कारणही इथेच सांगतो. कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तो कंटेनर स्वतः. डेटाबेस दुसऱ्या डब्यात असेल, तर पत्ता म्हणून त्या डब्याचं नाव द्यावं लागतं. शंका आली की 'डॉकर एक्झेक' ने आत शिरा आणि तिथून डेटाबेसला हाक मारून बघा. आत गेलातच तर 'डेट' ही कमांडही द्या. घड्याळ बहुधा यूटीसी दाखवेल!

पुष्कळ कंटेनर सांभाळायला कुबरनेटीस वापरतात. हा ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या उत्तनच्या भाषेत सांगायचं तर होडीवरचा तांडेल. इथे 'क्रॅश लूप बॅक ऑफ' हा शब्द दिसला की मुलं घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की डबा पुन्हा पुन्हा बंद पडतोय, आणि तांडेल दर वेळी थोडं जास्त थांबून, दहा सेकंद, वीस, चाळीस असं करत पाच मिनिटांपर्यंत, तो पुन्हा सुरू करून बघतोय. अशा वेळी 'कुबसीटीएल डिस्क्राइब' ने घटनांची यादी बघा, आणि 'कुबसीटीएल लॉग्ज' ला 'प्रीव्हियस' जोडा. म्हणजे आत्ताच्या नव्हे, मेलेल्या डब्याचा शेवटचा लॉग मिळतो. पुरावा तिथे असतो.

७. तिन्ही जोडायचे कसे?

महापालिकेत अर्ज दिला की पोचपावतीवर आवक क्रमांक मिळतो. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर कुठेही गेली, तरी त्या क्रमांकाने ती शोधता येते. क्लाउडमध्येही प्रत्येक विनंतीला असा क्रमांक द्यायचा आणि फंक्शन, डेटाबेसला हाक मारणारा कोड, कंटेनर, सगळ्यांच्या लॉगमध्ये तोच लिहायचा. याला ट्रेस आयडी म्हणतात. ॲमेझॉनचं एक्स-रे आणि गूगलचं क्लाउड ट्रेस हेच काम चित्राच्या रूपात दाखवतात. कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला, ते आडव्या पट्ट्यांत दिसतं. २०१९ पासून ओपनटेलिमेट्री नावाचा मुक्त प्रकल्प आहे. तो वापरला तर कोणत्याही एका कंपनीला बांधून राहावं लागत नाही.

साधनं बदलतात, हेही ध्यानात ठेवा. गूगलचं क्लाउड डीबगर हे चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावून पाहण्याचं लोकप्रिय साधन मे २०२३ मध्ये बंद झालं. ज्यांना फक्त बटणं पाठ होती ते अडले. ज्यांना पुरावा कुठे शोधायचा ते कळलं होतं, त्यांनी दुसरं साधन घेतलं.

८. दुरुस्ती करताना पाळायचे नियम

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध सेवेचा डेटाबेस अडचणीत होता. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून एक फोल्डर पुसला. तो होता मुख्य सर्व्हर. बॅकअप म्हणून ठेवलेले मार्ग वेळेला कामाला आले नाहीत. सुदैवाने साधारण सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली, तिच्यावरून सेवा उभी राहिली, आणि मधल्या काळातली माहिती गेली. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहून ठेवलं, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

त्यावरून आणि वरच्या उदाहरणांवरून पाच नियम :

१. कमांड देण्याआधी आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते वाचा. चाचणीचा आणि खरा सर्व्हर वेगळ्या रंगात दिसेल अशी सोय करा.
२. एका वेळी एकच बदल. दोन केलेत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.
३. चूक आधी मुद्दाम पुन्हा घडवून दाखवा. घडवता आली, तरच ती गेली असं म्हणता येतं.
४. बॅकअप घेतला एवढं पुरत नाही. त्यातून माहिती परत आणून बघा.
५. लॉगमध्ये पासवर्ड, ओटीपी, लोकांचे फोन नंबर लिहू नका. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ती लोकांची अमानत आहे.

९. सारांश

फंक्शन निघून जातं, म्हणून त्याचा पुरावा लॉगमध्ये ठेवायचा. डेटाबेस विचारलं तर स्वतःची योजना सांगतो, म्हणून एक्स्प्लेन वापरायचं. कंटेनर मरताना संकेतांक ठेवून जातो, म्हणून तो वाचल्याशिवाय नवा सुरू करायचा नाही. आणि तिन्हींना एका क्रमांकाच्या धाग्यात ओवायचं. आपल्या उदाहरणात तक्रार आली फंक्शनबद्दल, मूळ निघालं डेटाबेसमध्ये. जिथे दुखतं तिथेच रोग असतो असं नाही.

या सगळ्याचा सराव करायला पैसे लागत नाहीत. डॉकर आणि पोस्टग्रेस तुमच्या लॅपटॉपवर बसवा, आणि मुद्दाम चुका घडवा.

स्वाध्याय

१. एका कंटेनरला मुद्दाम कमी मेमरी देऊन बंद पाडा. एक्झिट कोड आणि 'इन्स्पेक्ट' मधली नोंद वहीत लिहा.
२. एक लाख ओळींचा तक्ता तयार करा. इंडेक्सशिवाय आणि इंडेक्ससह 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' चालवून दोन्ही वेळांची तुलना करा.
३. यूटीसीप्रमाणे रात्री आठ वाजता सुरू होणारं फंक्शन आपल्याकडे किती वाजता आणि कोणत्या तारखेला चालेल? कारण लिहा.
४. "ओटीपी आला नाही" या तक्रारीची पाच संभाव्य कारणं लिहा, आणि प्रत्येकासाठी कोणता पुरावा पाहाल ते समोर लिहा.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नोकरीच्या मुलाखतीत साधनांची नावं सगळेच सांगतात. पुरावा कुठे शोधायचा, हे सांगणारे थोडे असतात. त्या थोड्यांत तुम्ही असावं, म्हणून हा पाठ.